मेटल डिटेक्टर खोलायची हौस असेल तर आधी मशीन शांत करा, किती खोल बघतं ते नंतर बघू

ज्याच्या घरी मेटल डिटेक्टर येतो त्याच्या घरी आठवड्याभरात स्क्रू ड्रायव्हर निघतोच, हे लिहून देतो. मशीन झकास चालत असलं तरी निघतो. कुणाला ते अजून खोल बघायला पाहिजे असतंय, कुणाला त्याची उगाच वाजत राहायची किरकिर सहन होत नाही, कुणाला नुसतं आत काय आहे ते बघायचं असतंय आणि एकदा बघितलं की हात थांबत नाही. ह्यात वाईट काही नाही, ह्या छंदातली अर्धी मजा त्यातच आहे. फक्त सोलापुरात बसून हे करणार असाल तर कुठल्यातरी परदेशी बाबाचा व्हिडिओ बघून जसंच्या तसं करू नका. त्यांची माती वेगळी, आपली काळी माती वेगळी, आणि आपल्या मे महिन्यात त्यांचं मशीन काय त्यांचा माणूसपण टिकायचा नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "डेप्थ कशी वाढवायची". तर त्याचं गणित आधीच सांगून टाकतो म्हणजे पैसे वाचतील. कॉइलचं (दांड्याच्या खालच्या टोकाची तारेची चकती) चुंबकीय क्षेत्र खाली जाताना अंतराच्या घनाच्या हिशोबात कमी होतं, आणि नाण्यात जे क्षेत्र तयार होतं ते परत वर येताना पुन्हा घनाच्याच हिशोबात कमी होतं. म्हणजे एकूण अंतराचा सहावा घात. आता तुम्ही लय डोकं लावून कॉइलमधला करंट डबल केला, तर खोली वाढणार साधारण १२ टक्के. जे नाणं २० सेमीवर वाजत होतं ते साडेबावीस सेमीच्या आतबाहेर वाजेल, संपला विषय. वर बॅटरी भराभर संपणार, ट्रान्झिस्टर तापणार, आणि मातीचा सिग्नलपण डबल होणार तो वेगळाच. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, जोर वाढवू नका, गोंधळ कमी करा. किरकिर कमी झाली की सेन्सिटिव्हिटी (किती बारीक सिग्नलला वाजायचं ते सेटिंग) दोन घरं वर नेता येते, आणि खरी खोली तिथनं मिळते.

काही उघडायच्या आधी मशीन आत्ता कसं चालतंय ते लिहून ठेवा. ही टेस्ट घरात करायची नाही, गच्चीवर तर अजिबात नाही, स्लॅबमध्ये सगळी सळईच आहे. यंत्रमागाच्या कारखान्यांच्या शेजारीपण नको, तिथं मोटारी आणि ट्यूबा मिळून हवेतच इतका गोंगाट असतो की मशीन धातू नसताना ओरडतं. मोकळा प्लॉट नाहीतर शेत बघा, डोक्यावर हाय टेन्शनची लाइन नको, खिशातला मोबाइल लांब ठेवा. आणि नाणं कुठलं घेताय ते महत्त्वाचं: आत्ताचं एक रुपयाचं नाणं घेऊ नका, ते चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचं आहे, बऱ्याच मशीनला ते लोखंड वाटतं आणि तुम्हाला वाटतं मशीनच बोगस. आजीच्या डब्यात १९४३ ते ४७ मधला भोकाचा पैसा असला तर सोन्याहून पिवळं, तो काशाचा आहे, नाहीतर तांब्याच्या पत्र्याचा रुपयाएवढा तुकडा कापा. लाकडी पट्टीवर कॉइलपासून किती सेमीवर स्वच्छ वाजतं ते लिहा, मग तसंच एका खिळ्याचं आणि एका बाटलीच्या बुचाचं. बोर्डाचे फोटो काढा, आत जेवढे ट्रिमपॉट (स्क्रू ड्रायव्हरनं फिरवून जुळवायचे छोटे रेझिस्टर) असतील त्यांच्या खाचेसमोर मार्करने बारीक रेघ मारा. आणि एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलल्या की बिघडलं कशामुळं ते ब्रह्मदेवालापण सांगता येत नाही.

पहिला बदल फुकटातला आहे आणि तोच कुणी करत नाही. कॉइलची केबल दांड्याला घट्ट गुंडाळा. सैल केबल हलली की मशीन वाजतं. कॉइलजवळच्या पहिल्या वेढ्यात थोडी ढील ठेवा, म्हणजे कॉइल वाकवताना केबल मुळाशी तुटत नाही. कॉइल बसवायचा नटबोल्ट प्लास्टिकचाच पाहिजे, तो तुटला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी आणून ठोकणारे लोक आहेत, त्यांना काय बोलायचं. आणि कॉइलच्या खालचं संरक्षक झाकण काढून बघा. आपली काळी माती बेसॉल्टपासून झालेली, त्यात मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजं, ती माती ओली असताना झाकणात जाऊन वाळून बसते आणि कॉइलच्या अंगालाच चिकटून हलत राहते. धुवून, वाळवून, झाकणाच्या कडेला इन्सुलेशन टेप मारा. अर्ध्या मशीनची किरकिर इथंच थांबते.

आता बॅटरी. चार पेन्सिल सेलवर चालणारं मशीन असेल (गॅरेटचं एस २५० तसंच आहे, आणि त्याच्या चायना नकला) तर प्रत्येकाला त्यात १८६५० साइजचे चार्जिंगचे लिथियम सेल घालायचे असतात. दोन सेल सिरीजमध्ये म्हणजे पूर्ण चार्जला ८.४ व्होल्ट, आणि चार नवीन अल्कलाइन सेल म्हणजे जेमतेम ६.४. सरळ जोडले तर मशीन उडू शकतं. मध्ये व्होल्टेज उतरवून एका जागी धरणारा रेग्युलेटर लागतो, आणि इथं ऑनलाइन मिळणारं ते स्वस्त बक कन्व्हर्टर वापरू नका, ते आतून सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत असतं आणि तो सगळा आवाज रिसीव्हरमध्ये घुसतो, म्हणजे आपण जो गोंधळ कमी करायला बसलोय तोच विकत आणल्यासारखं. साधा लिनिअर रेग्युलेटर घ्या, त्यात चालू-बंद काही नसतं. १११७ चा अॅडजस्टेबल नवी पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळून जाईल. आउटपुट आणि अॅडजस्ट पायामध्ये १२० ओहमचा रेझिस्टर, अॅडजस्टपासून मायनसला ४७० ओहमचा, की बाहेर येतात सव्वासहाच्या थोडे आत, ६.१५ व्होल्ट. आउटपुटला १० मायक्रोफॅरडचा टँटलम कपॅसिटर लावा, तो नसेल तर हा आयसी स्वतःच थरथरतो. एक लक्षात ठेवा, ह्याच्या पाठीमागचा पत्रा मायनस नसतो, आउटपुट असतो. ७८०६ ची (पत्रा मायनस असणारा जुना रेग्युलेटर) सवय असलेला माणूस तो पत्रा डोळे झाकून मायनसला टेकवतो आणि धूर काढतो.

सेल घेताना प्रोटेक्शन सर्किट असलेला पॅक घ्या, जुन्या लॅपटॉपमधून काढलेले फुगलेले नकोत. पॅक पुढं बॉक्समध्ये कोंबण्यापेक्षा कोपराच्या मागं बांधा, पुढच्या कॉइलचं वजन तोललं जातं आणि संध्याकाळी खांदा दुखत नाही. पण मेच्या दुपारी ४३-४४ डिग्रीत लिथियम सेल घातलेलं मशीन गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला जायचं नाही.

आवाजाचा बदल माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगाचा, कारण खोलवरचं नाणं मोठ्यानं बीप करत नाही, ते कुजबुजतं, आणि बांधावरच्या वाऱ्यात ते स्पीकरवर ऐकूच येत नाही. हेडफोन पाहिजेच. मशीनला जॅक नसेल तर स्पीकर बंद करणारा स्विच असलेला सॉकेट लावा. मशीन मोनो असतंय, म्हणून सॉकेटवर डावा-उजवा दोन्ही पिना एकत्र जोडा, नाहीतर एकाच कानात येईल. स्पीकरच्या वायरमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला आणि हेडफोनच्या दोन टोकांवर १एन४१४८ चे दोन डायोड उलटसुलट आडवे लावा, म्हणजे कॉइल चुकून पत्र्याच्या डब्यावरून गेली तरी कान फाटत नाहीत आणि बारीक आवाज मात्र जसाच्या तसा राहतो. काही बोर्डांवर स्पीकरची दोन्ही टोकं जिवंत असतात, एकही मायनस नसतं, त्यामुळं सॉकेटचा धातूचा भाग बोर्डाच्या मायनसला टेकू देऊ नका, प्लास्टिक बॉडीचा सॉकेट घ्या, भानगडच नको.

ब्लूटूथ? करा, हौस असेल तर. पण साध्या ब्लूटूथमध्ये आवाज १५०-२०० मिलिसेकंद उशिरा येतो. हात सेकंदाला एक मीटर फिरत असेल तर २०० मिलिसेकंदात कॉइल २० सेमी पुढं गेलेली असते. तुम्ही भलतीकडंच खणत बसणार. वायरच बरी.

आता काळ्या मातीवाल्यांसाठीचा खरा बदल, ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीच्या स्वतःच्या सिग्नलला मशीन गप्प राहावं असं जुळवणं. मशीनला हे सेटिंग बाहेर बटणावर असेल तर हा भाग सोडून पुढं जा. पण स्वस्तातल्या मशीनमध्ये हे कारखान्यातच एका ट्रिमपॉटवर फिक्स करून ठेवलेलं असतं, आणि ते काही मोहोळ-मंगळवेढ्याची माती बघून केलेलं नसतं. त्यामुळं कॉइल जमिनीजवळ नेली की मशीन गुरगुरतं. उन्हाळ्यात तर जमिनीला भेगा पडलेल्या असतात, भेगेवरून कॉइल गेली की मातीचा सिग्नल एकदम तुटतो आणि जुडतो, मशीनला वाटतं काहीतरी सापडलं. सहसा लोक इथं डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूला गप्प करायचं सेटिंग) वाढवत जातात, त्यानं बीप कमी होतात पण चांगली वस्तूपण गप्प होते.

करायचं असं: तुमच्या बोर्डाच्या नेमक्या व्हर्जनचा सर्किट डायग्राम शोधा, ग्राउंड बॅलन्सचा ट्रिमपॉट कुठला ते खात्रीनं ठरवा, अंदाजानं फिरवू नका. बॅटरी काढून त्याची किंमत वाचा, दोन्ही बाजूंना किती ओहम येतात ते लिहून ठेवा. मग तो काढून त्याच किमतीचा दहा फेऱ्यांचा पॉट पॅनलवर लावा. साध्या पाऊण फेरीच्या पॉटवर नेमकी जागा हाताला सापडत नाही, केसभर हललं की निसटतं. वायरी बोटभर लांबीच्या, पिळ मारून. शेतात स्वच्छ जागा शोधा, मशीन ऑल मेटलवर (सगळ्या धातूंना वाजायचा मोड) टाका, कॉइल गुडघ्यापासून जमिनीच्या चार बोटं वरपर्यंत खाली-वर करत राहा. खाली नेताना आवाज वाढतोय का वर नेताना, ते ऐका आणि पॉट फिरवत दोन्हीकडं सारखा होईपर्यंत या. तिथनं किंचित मागं या, म्हणजे खाली नेताना अगदी हलका आवाज राहील. तेवढा राहू द्यावा, बारीक वस्तू मग हातच्या जात नाहीत. शेत बदललं, विहिरीचा मुरूम पसरलेला पट्टा आला, की परत करायचं. सकाळी गार असताना केलेलं दहा वाजता चालत नाही, कॉइल तापली की सगळं सरकतं, म्हणून मशीन आधी पंधरा-वीस मिनिटं उन्हात राहू द्या आणि मग बॅलन्स करा. काळी कॉइल असेल तर वरून पांढरा रंग मारा. पण रंग साधा घ्या, सिल्व्हर चकाकीचा नको, त्यात अॅल्युमिनियमची पूड असते.

कॉइल बदलायचीच असेल तर काळ्या मातीत डबल डी प्रकारची घ्या. दोन इंग्रजी डी पाठीला पाठ लावून एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, ती मधल्या उभ्या पट्टीतच जास्त बघते, म्हणून मातीचा त्रास कमी. कनेक्टर बसतोय म्हणून दुसऱ्या मॉडेलची कॉइल लावू नका, आतली वळणं आणि कपॅसिटर त्या त्या मशीनच्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेले असतात. मोठी कॉइल खोल जाते हे खरं, पण मोठ्या वस्तूसाठी. जोडवं, नथ, कानातलं शोधायचं असेल तर लहान कॉइलच.

स्वतः कॉइल गुंडाळायची असेल तर सुरुवात व्हीएलएफपासून (सतत सिग्नल सोडणारं, आतापर्यंत बोललो तसलं नेहमीचं मशीन) करू नका, पल्स इंडक्शनपासून (करंटचे झटके सोडून मधल्या वेळात ऐकणारं मशीन) करा. व्हीएलएफमध्ये ट्रान्समिट (सिग्नल सोडणारी) आणि रिसीव्ह (घेणारी) अशा दोन कॉइल एकमेकींना मिलिमीटरभर सरकवून रिसीव्हरमधला सिग्नल जवळजवळ शून्यावर आणावा लागतो. तो बघायला साधा मल्टीमीटर चालत नाही, बहुतेक स्वस्त मीटर चारपाचशे हर्ट्झच्या वरचं एसी खरं दाखवत नाहीत आणि एस २५० सारखं मशीन असतं साडेसहा हजारावर. डीएसओ १३८ सारखा छोटा ऑसिलोस्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) लागतो. आणि एवढं करून इपॉक्सी ओतलं की ते घट्ट होताना तापतं आणि जागा सरकवतं. करायचंच असेल तर इपॉक्सी पातळ थरांत, एक थर गार झाल्यावर दुसरा, आणि स्कोप सतत लावलेला.

पल्स इंडक्शनला एकच कॉइल. 'पायरेट' नावाचं जुनं रशियन सर्किट जगभर लोक बनवतात, ५५५ टायमर, एक डबल ऑपअॅम्प, आयआरएफ७४० मॉस्फेट (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर), १२ व्होल्ट. कॉइल १९ सेमी व्यासावर २५ वेढे, अर्धा मिलिमीटर तार. अर्धा मिलिमीटर म्हणजे २५ गेज. ही तार ऑनलाइन मागवायची गरज नाही, पाणबुडी मोटारी रिवायंडिंग करणाऱ्या कुठल्याही दुकानात जा, वजनावर मिळते. तुमच्या कॉइलला लागते पंधरा मीटर, वजन पंचवीस-तीस ग्रॅम, आणि तिथं किलोखाली कुणी मागत नसतंय, त्यामुळं असा संवाद होणारच:

"कशाला पायजे, पंख्याला का?"

"नाही मामा, मेटल डिटेक्टरला."

"मग सोनं घावलं की हिकडं बी या थोडं घेऊन."

पन्नास ग्रॅम घ्या, एखादा प्रयत्न फसतोच. आणि तिथलंच थोडं इन्सुलेटिंग वार्निश बाटलीत मागून घ्या.

१९ सेमीचा डबा घ्या, त्यावर कागदाची पट्टी गुंडाळा म्हणजे नंतर कॉइल सरकून निघेल. तार ताणून २५ वेढे, एकावर एक गोळा झाले तरी चालतात, फक्त तारेला मोड येऊ देऊ नका, मोड आला की तिथलं इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा लेप) तडकतं. काढून दर दोन बोटांवर सुती दोऱ्यानं बांधा. आपल्याकडं मागावरचं सूत हवं तेवढं मिळतं, टॉवेलच्या कारखान्यातली उरलेली कांडी पुरते. मग वार्निशमध्ये बुडवून दोरीला टांगून ठेवा, खाली पेपर, दिवसभर उन्हात. वाळलेली कॉइल टिचकी मारली की कडक वाजली पाहिजे, भद्द आवाज आला तर आत वेढे सुटे आहेत, परत बुडवा. टोकाचं इनॅमल ब्लेडनं नीट खरवडा, सोल्डर पसरून चकचकीत बसलं पाहिजे, नुसतं थेंबासारखं वर राहिलं तर इनॅमल गेलेलं नाही. मीटरवर १.३ ओहमच्या आसपास यायला पाहिजे, इंडक्टन्स मोजायची सोय असेल तर ३०० मायक्रोहेन्रीच्या जवळ. ओहम बरेच कमी आले तर वेढे आतून शॉर्ट आहेत किंवा मोजायला चुकलात.

कॉइल बदलली की तिच्यावरचा डॅम्पिंग रेझिस्टरपण बदलावा लागतो, हे बरेच जण विसरतात. तो फार मोठा असेल तर पल्स बंद झाल्यावर कॉइल घंटेसारखी वाजत राहते आणि नाण्याचा सिग्नल त्यात बुडतो, फार लहान असेल तर सगळं मंद होतं. सर्किटमध्ये दिलेल्या किमतीच्या थोडं खालून सुरू करा आणि वर जात जा, हवेतलं अंतर ज्या किमतीला सगळ्यात जास्त येईल ती ठेवा. चालू असताना कॉइलच्या टोकांना बोट लावू नका, १२ व्होल्टचंच सर्किट आहे म्हणून फसू नका, मॉस्फेट बंद होतो त्या क्षणी तिथं शेकडो व्होल्टचा ठोसा असतो.

हे मशीन खिळा आणि नाणं ह्यात फरक करत नाही, सगळ्याला एकच आवाज. गावठाणाजवळ, जिथं लोखंडाचा कचरा आहे, तिथं वेड लागेल. पण शेतात पडलेलं रोटाव्हेटरचं पातं, ट्रॅक्टरची पिन, कुळवाची फास शोधायला ह्याच्यासारखं दुसरं नाही.

पाण्यापासून जपायला सिलिकॉन वापराल तर वास घेऊन बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन तांब्याला खातं, ते बोर्डाजवळ नको, न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. ट्रिमपॉट आणि स्विचवर काहीच मारू नका.

राहिलं गुप्तधन. मशीन हातात दिसलं की कुणीतरी येऊन हळूच विचारणार, "आमच्या जुन्या वाड्यात बघता का." कायदा साफ आहे. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे, जमिनीत पुरलेली दहा रुपयांवर किमतीची वस्तू सापडली की कलेक्टरला लेखी कळवायचं. भुईकोट किल्ला किंवा कुठलंही संरक्षित ठिकाण, तिथं मशीन गाडीतनं बाहेरच काढू नका. आणि वाड्यात कुणी मांत्रिक बसवलेला असेल तर तसेच माघारी फिरा, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तिथं लागू होतो आणि तुम्ही फुकट अडकता. शेतातसुद्धा मालकाला विचारल्याशिवाय नाही, पेरणी झाल्यावर तर नाहीच. खणलेला खड्डा बुजवा. सापडलेलं लोखंड परत फेकू नका, बांधावर एका जागी गोळा करून मालकाला दाखवा, त्याच्या टायरचे पंक्चर वाचतात आणि पुढच्या वेळी तोच फोन करून बोलावतो.